धुणे धुणारी आग्नेस

युद्धावरच्या कादंबऱ्या आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. त्यांत स्त्री येते ती बहुधा निरोप देणारी, वाट पाहणारी, नाहीतर वार्ता ऐकून कोसळणारी. रेनाता विगानो या इटालियन लेखिकेच्या कादंबरीतील स्त्रीला यांपैकी कशालाच सवड नाही. ती धुणे धुते, चूल पेटवते, ओझी वाहते. आणि हेच करता करता एका हुकूमशाहीविरुद्ध उभी राहते. एनाउदी या प्रकाशनसंस्थेने १९४९ साली ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी तिला व्हियारेज्जो पुरस्कार मिळाला. मूळ नावाचा सरळ अर्थ ‘आग्नेस मरायला जाते’ असा आहे. इटालियनमध्ये या नावाचा उच्चार ‘आन्येझे’ होतो. परंतु ज्या हुतात्मा संत आग्नेसचा सण आपण २१ जानेवारीस पाळतो तिचेच हे नाव असल्याने आम्ही येथे आपल्या घरांतले रूप वापरीत आहोत.

कथेचा काळ थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९२२ पासून इटलीवर सत्ता गाजवणारा मुसोलिनी २५ जुलै १९४३ रोजी पदच्युत झाला. ८ सप्टेंबरला दोस्त राष्ट्रांशी झालेला तह जाहीर झाला आणि कालपर्यंत मित्र असलेल्या जर्मन सैन्याने निम्म्याहून अधिक इटली ताब्यात घेतली. मुसोलिनीला उत्तरेत पुन्हा गादीवर बसवण्यात आले. त्याच्या मागे हिटलरची बंदूक होती. इटालियन सैन्याला हुकूम देणारे कोणी उरले नाही. हजारो तरुण गणवेश फेकून, मागून घेतलेल्या कपड्यांत, पायी घराकडे निघाले.

असाच एक सैनिक सप्टेंबरच्या एका संध्याकाळी आग्नेसला वाटेवर भेटतो. ती धुण्याच्या ठिकाणाहून परतत असते. हातगाडीवर ओल्या कपड्यांचा ढीग आहे. ती त्याला घरी आणते. फार विचार करून आणते असेही नाही. भुकेला मुलगा दिसला, त्याला खाऊ घालायचे, एवढेच तिच्या मनात आहे. त्यानंतर थोड्याच वेळात जर्मन येतात आणि तिच्या पतीला, पालिताला, घेऊन जातात. हा पालिता लहानपणापासून दुखणाईत. बसल्या जागी केरसुण्या नि टोपल्या विणणारा, वाचणारा, राजकारण समजणारा. आग्नेसने आयुष्यभर त्याला जपले, कारण घरात कष्टाचे शरीर तिचेच होते. वाटेतच त्याचा अंत होतो. मग पालिताचे सोबती तिच्याकडे येतात, एक लहानसे काम सांगतात. तिला जमेल का, असे विचारतात. ती जमेल म्हणते.

पो नदीच्या दक्षिणेचा सखल प्रदेश, कोमाक्यो गावाभोवतीची खारी दलदल, वेतांची बेटे, उथळ पाण्यातून चालणाऱ्या होड्या हे या कादंबरीचे नेपथ्य. डोंगरातल्या प्रतिकारकांच्या कथा इटलीत पुष्कळ लिहिल्या गेल्या. पाण्यात लपलेल्या माणसांचे हाल निराळे आहेत. आडोसा नाही, सुकी जमीन नाही, आणि हिवाळ्यात पाणी गोठले की होडी चालत नाही आणि बर्फावर चालताही येत नाही. विगानो यांनी हे पुस्तकांतून गोळा केलेले नाही. त्या बोलोन्याच्या. वैद्यक शिकण्याची इच्छा असून घरच्या गरिबीमुळे त्या परिचारिका झाल्या. प्रतिकार चळवळीत पतीबरोबर व लहान मुलाबरोबर सामील झाल्या आणि जखमींची शुश्रूषा करीत याच मुलखात वावरल्या. आग्नेस ही निव्वळ कल्पना नव्हे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एस.एस.ने पतीला पकडून नेलेले, कसलीच खबर नाही, मूल घेऊन एकटी राहिलेली, अशा अवस्थेत असताना एक वयस्क, जाडजूड बाई निरोप घेऊन त्यांच्या दारात आली, तीच ही.

जाडजूड हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आग्नेस तरुण नाही, देखणी नाही, बोलकी तर मुळीच नाही. तिचे पाय सुजतात, छातीत धडधडते, आणि हे कोणाला कळू नये म्हणून ती धडपडते. कादंबरीचे पहिले यश येथे आहे. लेखिकेने या शरीराला वाङ्मयीन सौंदर्य चढवले नाही. ते जसेच्या तसे सायकलवर बसवले, चिखलातून चालवले, ओझ्याखाली वाकवले. आग्नेस किती थकली आहे हे वाचकाला प्रत्येक पानावर ठाऊक असते. त्यामुळे ती उठून पुन्हा निघते तेव्हा त्या उठण्याचे मोल आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तिचे काम कोणते? इटालियनमध्ये त्याला ‘स्ताफेत्ता’ म्हणत. आपण निरोप्या किंवा जासूद म्हणू. लढण्याच्या वयाचा पुरुष त्या काळात रस्त्यावर दिसला की संशयास पात्र ठरे. एक तर तो सैन्यातून पळालेला असणार किंवा सक्तीच्या मजुरीसाठी धरून नेण्याजोगा. बाई मात्र बाजारात जाणारच, दूध आणणारच, आजारी बहिणीला भेटणारच. म्हणून भाजीखाली पत्रके, पिठात गोळ्या, अंगावरच्या कपड्यांत चिठ्ठ्या अशी ने-आण स्त्रियांनी केली. स्ताफेत्ताजवळ बहुधा शस्त्र नसे. ते असते तर झडतीत तिचा घात झाला असता. बंदूकवाल्या पुरुषाजवळ स्वसंरक्षणाचे जे साधन होते ते तिच्याजवळ नव्हते. पकडली गेली तर काय होई हे बोलोन्याच्या इर्मा बांदिएरा हिच्या उदाहरणावरून कळते. ती ऑगस्ट १९४४ मध्ये पकडली गेली. अनेक दिवस छळ होऊनही, दृष्टी घालवूनही तिने एकाही सोबत्याचे नाव सांगितले नाही. १४ ऑगस्टला तिला गोळ्या घालण्यात आल्या.

आग्नेस सामान नेते, स्वयंपाक करते, कपडे धुते; पुढे इतर निरोप्या बायकांची कामे वाटून देण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ही कामे चार ओळींत आटोपून चकमकीकडे धाव घेतली असती. विगानो उलट करतात. चकमकी पुष्कळदा दुरून, आवाजाने कळतात. पण पातेल्यात काय आहे, पाव किती जणांत वाटायचा आहे, ओले मोजे कुठे वाळवायचे, हे सगळे जवळून येते. आम्हांस ही या कादंबरीची सर्वांत खरी जागा वाटते. आग्नेसचे धैर्य तिच्या रोजच्या कामापासून वेगळे काढता येत नाही. चाळीस माणसांचे जेवण वेळेवर पोचवणे ही तिच्या लेखी नित्याची गोष्ट आहे; वाटेत दोन पहारे आहेत, हा केवळ वाटेचा तपशील.

धर्मग्रंथाच्या वाचकांना निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी येथे आठवतील. फारोने इब्री मुलगे जन्मताच मारण्याची आज्ञा केली; या दोघींनी ती पाळली नाही. त्यांनी बंड पुकारले नाही, सभा घेतली नाही. सुइणीचे काम त्यांनी सुइणीसारखे केले आणि राजाने जाब विचारला तेव्हा त्याला सरळ चेहऱ्याने उत्तर दिले. त्या फारोचे नाव निर्गमात नाही; या सुइणींची नावे मात्र आहेत.

आता कादंबरीतील अवघड प्रसंगाकडे वळू. एक दारू प्यालेला जर्मन सैनिक आग्नेसच्या घरात शिरतो आणि पालिताच्या मांजरीला गोळी घालतो. रात्री तो टेबलावर डोके टेकून झोपला असता आग्नेस त्याचीच बंदूक उचलून त्याच्या डोक्यात घालते. तो मरतो, ती अंधारात दलदलीकडे निघून जाते. मांजरीसाठी माणूस मारला, असा आक्षेप या प्रसंगावर कोणी घेईल. तो वरवरचा आहे. त्या घरात पालिताची उरलेली शेवटची जिवंत खूण ती मांजर होती. पतीच्या अटकेपासून आग्नेसने न रडता, न बोलता जे साठवले ते त्या हातात उतरले. प्रसंग म्हणून तो निर्दोष लिहिला आहे. ना भाषण, ना प्रतिज्ञा. एक जड स्त्री जड वस्तू उचलते.

परंतु धर्मगुरूला येथे थांबता येत नाही. पाचवी आज्ञा युद्धकाळात रद्द होत नाही. जुलमी सत्तेच्या शस्त्रधारी सैनिकाला लढाईत मारणे आणि झोपलेल्या माणसाला मारणे यांत ख्रिस्ती नीतिशास्त्र भेद करते, आणि तो भेद काथ्याकूट म्हणून बाजूस सारण्यासारखा नाही. त्या रात्रीच्या आग्नेसला न्यायासनासमोर उभे करण्याची आमची इच्छा नाही. आमची तक्रार लेखिकेविषयी आहे. तो घाव घालताना आग्नेस विचार करीत नाही हे सत्य आहे. पण पुढल्या एवढ्या मोठ्या ग्रंथात तो प्रश्न तिच्या अंतःकरणात खोलवर उतरू द्यायला हवा होता. आग्नेस मठ्ठ नाही. जी बाई सोबत्यांच्या फाटक्या बुटांचा विचार करून रात्रभर जागते तिला त्या मृताच्या आईचा विचार एकदाही शिवला नसता, हे आम्हांस पटत नाही. विगानो यांनी ते दार बंद ठेवले आणि त्यामुळे शत्रूपक्षातील माणसे सगळ्या कादंबरीत जवळजवळ चेहऱ्यावाचून राहिली.

दुसरी उणीव पक्षाची. विगानो कम्युनिस्ट होत्या. पालिताचे सोबती कम्युनिस्ट आहेत. आग्नेस हळूहळू त्यांच्या विचाराची होत जाते. यात गैर काही नाही, तसे पुष्कळांचे झाले. पण जेथे तिच्या तोंडी समज घातली जाते तेथे वाक्ये एकदम नीटनेटकी होतात आणि धुण्याचा वास जातो. शिवाय तिची नम्रता मर्यादेबाहेर जाते. कमांडर शिकलेला, आपण अडाणी. तो रागावेल का, आपले चुकले का, याच धास्तीत ती वावरते. तिच्यावाचून ज्यांना एक दिवस काढता येत नाही तेच तिला हुकूम देतात. स्त्रीवादी वाचकांचा आक्षेप आहे की आग्नेस शेवटी पुरुषांची आई आणि मोलकरीणच राहते. आम्ही या आक्षेपाशी निम्मे सहमत आहोत. असे घडत होते. तेव्हा लेखिकेने खोटे लिहिले, असे म्हणता येणार नाही. मात्र तिला त्यात खटकण्याजोगे काही दिसत नाही, हे खरे.

आमच्या वाचकांना तिसरी गोष्ट जाणवेल: या कादंबरीत चर्च जवळजवळ नाही. १९४९ हे साल ध्यानात घ्यावे. १ जुलैला रोमच्या होली ऑफिसने कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होणाऱ्या कॅथलिकांविरुद्ध फर्मान काढले. त्याच वर्षी ही कादंबरी बाहेर पडली. ज्यांनी १९४४ साली एकाच पेवात धान्य व माणसे लपवली ते पाच वर्षांत एकमेकांशी बोलेनासे झाले होते. पण प्रत्यक्ष त्या प्रदेशात काय घडले? बोलोन्याजवळच्या मोन्ते सोले डोंगरावर, कासाल्या गावी, २९ सप्टेंबर १९४४ रोजी लोक चर्चमध्ये आश्रयाला जमले. एस.एस.च्या सैनिकांनी त्यांना बाहेर काढून दफनभूमीत नेले आणि मशीनगन चालवली. मेलेल्यांत बहुतेक स्त्रिया, मुले, वृद्ध. तेथील धर्मगुरू उबाल्दो मार्किओनी चर्चमध्येच मारले गेले. मार्झाबोत्तोचे हत्याकांड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या काही दिवसांत सुमारे ७७० माणसे मेली. फादर जोव्हान्नी फोर्नासीनी मागे राहिलेल्यांना सांभाळीत, मृतांना मूठमाती देत फिरले. १३ ऑक्टोबरला त्यांनाही ठार करण्यात आले. २०२१ साली बोलोन्यात ते धन्य घोषित झाले. विगानो यांच्या आग्नेसला असा एखादा फादर भेटला नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. दोषारोप म्हणून नव्हे, तर तो भेटला असता तर वर सांगितलेला पाचव्या आज्ञेचा प्रश्न कोणीतरी तिच्याशी बोलला असता म्हणून.

रोबेर्तो रोस्सेलीनी यांच्या ‘रोम, खुले शहर’ या १९४५ च्या चित्रपटात असा धर्मगुरू आहे. दोन्ही कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्यात. आन्ना मान्यानी या अभिनेत्रीने साकारलेली पीना ही रोमच्या चाळीतली विधवा. पावासाठी बेकरीवर तुटून पडणाऱ्या बायकांत तीही असते. आपल्या माणसाला घेऊन निघालेल्या ट्रकमागे ती धावते आणि गोळी लागून रस्त्यावर पडते. या प्रसंगामागे ३ मार्च १९४४ रोजी रोममध्ये सैनिकांच्या कोठडीबाहेर पतीसाठी गेलेली आणि गोळीला बळी पडलेली गरोदर माता तेरेसा गुल्लाचे आहे. तो प्रसंग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पण पीना चित्रपटाच्या मध्यावरच मरते आणि उरलेला अर्धा चित्रपट पुरुषांच्या हौतात्म्याचा होतो. आग्नेसला मात्र रोज जगावे लागते. उद्याच्या पावाची सोय बघावी लागते. हे दीर्घकाळ चालणारे धैर्य चित्रपटात दाखवणे कठीण आहे. कादंबरीच्या सावकाश गतीला ते साधले. जूल्यानो मोन्ताल्दो यांनी १९७६ साली आग्नेसवरही चित्रपट काढला. इंग्रिड थुलिन तीत आग्नेस झाली. काम चांगले आहे, पण ती आमच्या मनातल्या आग्नेसपेक्षा फार रेखीव आहे.

आग्नेस कम्युनिस्टांची, म्हणून आपली नव्हे, असे समजणाऱ्यांनी तीना आन्सेल्मी यांचे चरित्र पाहावे. उत्तरेतील बास्सानो गावात शिकणारी ही सतरा वर्षांची, कॅथलिक संघटनेत वाढलेली मुलगी. २६ सप्टेंबर १९४४ रोजी तेथे झाडांना ३१ तरुण लटकावले गेले आणि विद्यार्थ्यांना ते पाहायला उभे करण्यात आले. त्यानंतर ती स्ताफेत्ता झाली. १९७६ साली ती इटलीची पहिली स्त्री मंत्री झाली. १९७८ साली देशातील सर्वांसाठी सार्वजनिक आरोग्यसेवेचा कायदा झाला तेव्हा आरोग्यखाते तिच्याकडे होते. २०१६ साली ती वारली.

युद्धानंतर सुमारे ३५,००० स्त्रियांना प्रतिकारक म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, असा आकडा सामान्यतः दिला जातो. पण मान्यतेचे नियम पाहिले की त्या आकड्याबाहेर किती राहिल्या असतील याची कल्पना येते. किमान तीन महिने सशस्त्र तुकडीत असणे आणि किमान तीन कारवायांत भाग घेणे आवश्यक होते. ज्यांनी माळ्यावर माणसे लपवली, रक्ताचे कपडे रात्री धुतले, त्या कोणत्या रकान्यात बसणार? तुरिनला विजयाची मिरवणूक निघाली तेव्हा कित्येक स्त्रियांना तुम्ही चालू नका, लोक काय म्हणतील, असे त्यांच्याच सोबत्यांनी सांगितले. पिएमोन्ते प्रांतातील बारा स्त्रियांच्या मुलाखतींचे ‘मौनात राहिलेला प्रतिकार’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले तेव्हा १९७६ साल उजाडले होते. २ जून १९४६ रोजी इटलीतील स्त्रियांनी पहिल्यांदा राष्ट्रीय मतदान केले. संविधान सभेच्या ५५६ सभासदांत २१ स्त्रिया निवडून आल्या. विगानो यांची कादंबरी या दोन घटनांच्या मध्ये, मान्यता व विस्मरण दोन्ही चालू असताना लिहिली गेली, हे वाचताना लक्षात ठेवावे.

आपल्या मातीचा एक धागाही या दलदलीजवळून जातो. कोमाक्योच्या पाण्यापासून फार दूर नसलेल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीने हल्ला केला. अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्या होते. जखमी सोबत्यांना त्यांनी गोळीबारातून, पाण्यातून वाहून नेले आणि मग मशीनगनची ठाणी एकट्याने मोडून काढली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या एप्रिलचीच दलदलीतली माणसे वाट पाहत होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये दोस्तांची आघाडी थंडावली आणि प्रतिकारकांना, हिवाळा आपापला काढा, असे सांगण्यात आले. कादंबरीचा शेवटचा भाग म्हणजे तो हिवाळा. बर्फ, उपासमार, एकेक करून गळणारी माणसे. आग्नेस एप्रिलपर्यंत पोचत नाही. रस्त्यावरच्या तपासणीत, इतर बायकांच्या घोळक्यात उभी असताना एक जर्मन अधिकारी तिला ओळखतो.

मराठीत या कादंबरीचा अनुवाद करू पाहणाऱ्यास नावापाशीच अडायला होईल. मूळ नावात आग्नेसच्या आधी एक लहानसे उपपद आहे. उत्तर इटलीतील लोक घरातल्या, शेजारच्या बाईचे नाव घेताना ते लावतात. आपल्याकडे त्याला प्रतिशब्द नाही. ‘आपली आग्नेस’ म्हटले तर थोडे जवळ जाता येते. क्रियापद मात्र सोपे आहे आणि म्हणूनच धोक्याचे. अनुवादकाला ‘मृत्यूला सामोरी जाते’ असे लिहिण्याचा मोह होईल. विगानो यांनी तसे लिहिलेले नाही. धुवायला जाते, दळायला जाते, पाणी आणायला जाते, तशी ती मरायला जाते. क्रियापद एकच आहे आणि ते तसेच ठेवावे.